विंडोजवरून लिनक्स मिंटवर येताना: कोकणातल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. मालवण, देवगड, गुहागर, दापोली या पट्ट्यातल्या घरांत असलेले बरेचसे डेस्कटॉप या अटीत बसत नाहीत. चाकरमान्याने मुंबईत लॅपटॉप घेतला, की जुना कॉम्प्युटर गणपतीला गाडीत घालून गावच्या घरी येतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क. यंत्र चांगलं असतं, फक्त नवी विंडोज त्यावर अधिकृतपणे चढत नाही.

अशा यंत्रांवर लिनक्स मिंट उत्तम चालतं. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही दुसरी सिस्टिम फुकट आहे आणि तिला नियमित अपडेट मिळतात. आमच्या भागात न्याहारी निवासवाले, बागायतदार, शिवणक्लास चालवणाऱ्या वहिनी अशांना मी ते बसवून देतो आणि नंतर त्यांचे फोनही घेतो. त्या फोनांवरून एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक वैतागतात ते पहिल्या आठवड्यात, आणि ज्या कारणाने वैतागतात ते कारण आधीच्या एका संध्याकाळी वही घेऊन बसलं असतं तर कळलं असतं. म्हणून या लेखात सिस्टिम टाकण्यापेक्षा टाकण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. मिंट टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो. तयारीला त्याहून जास्त वेळ द्या.

पहिली पायरी: वही घ्या आणि कामं लिहा

कोणते प्रोग्राम वापरता ते लिहू नका, कोणती कामं करता ते लिहा, आणि तीही वर्षभराची. न्याहारी निवास असेल तर बुकिंगची एक्सेल फाइल, पाहुण्यांच्या ओळखपत्राचं स्कॅन, बिलाची प्रिंट, व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो. आंब्याची बाग असेल तर मजुरांची हजेरी, पेट्यांचा हिशेब, वाशीच्या दलालाकडून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या जपून ठेवणं, पेटीवर लावायची लेबलं. लेबलं फक्त मार्च ते मेमध्येच लागतात, म्हणून ऑक्टोबरात यादी करताना ती हमखास राहतात आणि हंगामात आठवतात. शाळेत जाणारं मूल असेल तर त्याचंही काम लिहा.

आता प्रत्येक कामापुढे खूण करा. जी कामं ब्राउझरमध्ये होतात, म्हणजे बँक, वीजबिल, रेल्वे आरक्षण, डिजिटल सातबारा, मेल, ती सगळी मिंटवर तशीच होतात. फायरफॉक्स आधीच बसवलेला असतो, क्रोमही टाकता येतो. वर्ड-एक्सेलच्या फायली लिबरऑफिस या फुकट ऑफिस-प्रोग्राममध्ये उघडतात, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. उरलेली कामं खास विंडोजच्या प्रोग्रामवर किंवा एखाद्या उपकरणावर अवलंबून असतात. तिथे थांबा आणि नीट बघा.

टॅली विंडोजसाठीच आहे. तुमचा हिशेब टॅलीवर असेल, तर तो कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवा. आधार पडताळणीची अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, त्या टोकनबरोबर चालणारे छोटे प्रोग्राम यांचं सगळं जग विंडोज धरून बांधलेलं आहे. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी कामाच्या मशीनवर लिनक्स टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दारात माणसं रांगेत उभी असताना ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) शोधत बसणं कुणालाच परवडत नाही. घरी दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावर खुशाल टाका.

आणखी एक गट आहे तो मराठी मजकुराच्या जुन्या फायलींचा. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसतो. फॉन्ट असेपर्यंत तो मराठी दिसतो, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ग्रामदेवतेच्या जत्रेची पत्रकं, मंडळाची घटना, जमिनीच्या वाटणीचे मसुदे अशा मोलाच्या गोष्टी कित्येकांकडे याच फॉन्टमध्ये अडकलेल्या आहेत. विंडोज अजून चालू आहे तोवर या फायली शोधा. प्रत्येकीची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे मजकूर कसा दिसत होता याचा पुरावा राहील. ज्या फायली पुढे बदलायच्या आहेत, त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळन् ओळ वाचून तपासा. रफार, जोडाक्षरं आणि आकडे यांत हटकून चुका राहतात. गट नंबर किंवा रकमा असतील तर दोघांनी मिळून वाचा, एकाने जुन्या प्रिंटवरून आणि दुसऱ्याने पडद्यावरून.

प्रिंटरचं मॉडेल वहीत लिहा

नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, पूर्ण मॉडेल लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंटवर सहज चालतात. मात्र पी ११०८ सारख्या लहान लेझर मॉडेलना एक जादा प्लगइन इंटरनेटवरून घ्यावा लागतो, म्हणून प्रिंटर पहिल्यांदा जोडताना नेट चालू ठेवा. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेचा अनुभव चांगला आहे. ब्रदर स्वतःचे लिनक्स ड्रायव्हर देते. वायफायवाले नवे प्रिंटर तर पुष्कळदा ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. अडचण होते ती कॅननच्या एलबीपी २९०० ची. झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसणारा, दणकट, स्वस्तात चालणारा प्रिंटर. त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि आजच्या लिनक्सवर तो बसवणं हे नवख्याचं काम नाही. तुमच्याकडे तो असेल, तर जाणकार माणूस हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नका, किंवा पीडीएफ करून फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून प्रिंट मारायची तयारी ठेवा.

महिनाभर आधी प्रोग्राम बदला, सिस्टिम नको

हा सल्ला मी सगळ्यांना देतो आणि जे मानतात त्यांचे फोन कमी येतात. विंडोज आहे तशीच ठेवून तिच्यावर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स टाका आणि महिनाभर तेच वापरा. दोन्ही विंडोजवर फुकट मिळतात. माणसाचा रोजचा संबंध सिस्टिमशी कमी आणि या प्रोग्रामशी जास्त असतो. बटणं कुठे आहेत, सेव्ह करताना काय विचारतं, बिलाचा तक्ता कसा दिसतो, हे सगळं ओळखीचं झालं की मिंटवर गेल्यावर निम्मं घर ओळखीचं असतं.

या महिन्यातच एक्सेलच्या फायली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडून बघा. बेरजा, टक्केवारी, फिल्टर नीट येतात. मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेल्या, आपोआप काम करणाऱ्या सूचना) असलेल्या फायली मात्र बहुधा चालत नाहीत, त्या आधीच हुडकून ठेवा. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा दिसतात ना आणि एक लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतो ना, ते तपासा. दिसत नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा.

वेळ कोणती निवडायची

बागायतदाराने मार्च ते मे या काळात कॉम्प्युटरला हात लावू नये. न्याहारी निवासवाल्याने मे महिना, दिवाळी आणि नाताळ टाळावा. मच्छीमार कुटुंबांना १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत सवड असते, तारकर्लीची जलक्रीडाही पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे शिकायला पावसाळा चांगला. फक्त तेव्हा लाईटचा भरवसा नसतो. सिस्टिम टाकायच्या दिवशी यूपीएस किंवा इन्व्हर्टर चार्ज असू द्या. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

यंत्राची प्रकृती

नव्या सिस्टिमला दोष देण्याआधी डबा उघडून बघा. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. मग कॉम्प्युटर मध्येच अडकतो, आपोआप रीस्टार्ट होतो किंवा नुसता बीप देत राहतो. वायर काढा, रॅम बाहेर घ्या, पट्ट्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका आणि क्लिक होईपर्यंत परत बसवा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल जुना असेल तर बदला. तो संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सगळ्या साइट असुरक्षित आहेत म्हणून उघडायलाच नकार देतो. लोकांना वाटतं लिनक्सवर बँक चालत नाही. सेल बदलून तारीख बरोबर लावली की त्याच क्षणी चालते.

खर्च करायची थोडी तयारी असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबीची पुरते. जुन्या मशीनला तिच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. मिंटला २ जीबी रॅम किमान आणि ४ जीबी बरी असं मिंटचेच लोक सांगतात. माझ्या मते २ जीबी असेल तर आधी रॅम वाढवा, कारण आजचा ब्राउझरच तेवढी खातो.

कोणतं मिंट

लिनक्सचे प्रकार ढीगभर आहेत. लिनस तोरवाल्ड्सने १९९१ मध्ये गाभा लिहिला आणि त्यावर जगभरच्या लोकांनी आपापल्या सिस्टिम उभ्या केल्या. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही त्यांतलीच. नवख्याने मिंट घ्यावं असं मी म्हणतो, कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ ही मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे, आणि अडल्यावर उत्तरं सहज सापडतात. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. फार विचार करू नका. ३२ बिटच्या फार जुन्या प्रोसेसरवर मात्र मिंट २२ चालत नाही.

पेनड्राइव्हवरून चालवून बघा

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये) उतरवा. ती ३ जीबीच्या आसपास असते, तेव्हा वायफाय नसेल तर दिवसाच्या डेटा पॅकचा हिशेब करून उतरवा. डाउनलोड अर्धवट झालं तर पुढे विचित्र चुका येतात, म्हणून साइटवर दिलेल्या रीतीने चेकसम (फाइल पूर्ण आली का ते ओळखायची खूण) पडताळा. मग एचर नावाच्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूची (कशावरून चालू व्हायचं ते निवडायच्या यादीची) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९. असेंबल केलेल्या मशीनमध्ये गिगाबाइटचा बोर्ड असेल तर एफ१२, असूसला एफ८, एमएसआयला एफ११. पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळाने मिंटचा डेस्कटॉप दिसतो. अजून हार्डडिस्कला काहीच झालेलं नाही. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की विंडोज जशीच्या तशी.

हीच ती संध्याकाळ. वही काढा आणि एकेक काम करून बघा. आवाज येतो का, यूट्यूब चालतं का, प्रिंटर जोडून एक पान प्रिंट, ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ने आधारकार्ड स्कॅन, तुमची बुकिंगची फाइल उघडून एक ओळ बदलणं, बँकेच्या साइटवर लॉगिन. सगळं थोडं हळू चालेल, कारण ते पेनड्राइव्हवरून चाललंय. इथे केलेले बदल रीस्टार्ट झाल्यावर पुसले जातात, त्याने गोंधळू नका.

वायफायचा यूएसबी डोंगल ओळखला गेला नाही तर घाबरू नका, हे बऱ्याचदा होतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून डोंगलचा ड्रायव्हर मिळतो का बघा. नाही मिळाला तर दुसरा डोंगल घेणं हे तीन संध्याकाळी घालवण्यापेक्षा स्वस्त.

वहीतली एखादी महत्त्वाची गोष्ट इथे चालली नाही, तर टाकू नका. मार्ग सापडेपर्यंत विंडोज वापरा.

टाकताना

एकाच डिस्कवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. नवख्याला मी तो देत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर मिंटमधून तिच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं तर घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, कारण दोघी यंत्रातलं घड्याळ वेगवेगळ्या रीतीने वाचतात. या दोन्हींवर उपाय आहेत, पण सुरुवातीलाच ती डोकेदुखी कशाला? त्यापेक्षा जुनी डिस्क काढून नवी एसएसडी लावा आणि मिंट तिच्यावर टाका. जुनी डिस्क जशीच्या तशी, विंडोजसकट, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. एखादं काम अडलंच तर ती लावून दहा मिनिटांत जुनी व्यवस्था परत उभी राहते. हंगाम पूर्ण पार पडेपर्यंत ती पुसू नका. फायली आणायच्या असतील तेव्हा यूएसबी केसिंगमध्ये घालून जोडा.

इन्स्टॉल करताना भाषा इंग्रजी ठेवा. मेनू मराठीत करता येतात, आणि मला ते आवडतंही, पण मदतीचे व्हिडिओ इंग्रजी मेनू दाखवून शिकवतात, म्हणून पहिले काही महिने इंग्रजी बरं. कीबोर्डसाठी ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’ निवडलात तर उजवा ऑल्ट दाबून ४ दाबल्यावर रुपयाचं चिन्ह येतं, बिलांसाठी कामाचं. ठिकाण विचारतं तेव्हा मुंबई शोधू नका, भारताची वेळ कोलकाता या नावाने आहे. ते निवडलं की तारखा आणि ए-फोर कागद आपल्या रीतीने येतात. अमेरिका राहून गेलं तर कागद लेटर आकाराचा धरला जातो आणि बिलाची शेवटची ओळ छापली जात नाही.

डिस्क पुसायचा पर्याय निवडताना जी डिस्क पुसली जाणार तिचा आकार वाचा. नवी एसएसडी एकटीच लावलेली असेल तर चूक होण्याचा प्रश्नच येत नाही. पासवर्ड सोपा नको, पण लक्षात राहील असा हवा. तो वारंवार लागतो. वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि वही कपाटात ठेवा.

पहिल्या आठवड्याची चिडचिड

शेजारचे काका पहिल्याच दिवशी विचारतात, “रे, माझो सी ड्राइव्ह खंय गेलो?” मी सांगतो, “काकानू, हय सी ड्राइव्ह नसता. तुमच्या नावाचो होम फोल्डर असा, तेच्यात सगळा ठेवचा.” खरोखर एवढंच आहे. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं होम फोल्डरमध्ये असतं. पेनड्राइव्ह लावला की तो फाइलच्या खिडकीत डावीकडे दिसतो. काढताना बाजूचं इजेक्टचं चिन्ह दाबा, नाहीतर कॉपी झाली असं वाटून अर्धवट फाइल नेली जाते. दलालाला किंवा सीएला दिलेला पेनड्राइव्ह तिथे उघडत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

दुसरी तक्रार, उतरवलेली ईएक्सई फाइल चालत नाही. चालणार नाही, ती विंडोजची आहे. प्रोग्राम हवा असेल तर मेनूत ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडा, नाव टाका, इन्स्टॉल दाबा. भलत्या साइटवरून काही उतरवायची सवय इथे सोडता येते, आणि त्यामुळेच व्हायरसची भीती बरीच कमी होते. व्हॉट्सॲप हवं असेल तर ‘वेब ॲप्स’ उघडून व्हॉट्सॲप वेबचा पत्ता द्या. मेनूत त्याचं वेगळं चिन्ह तयार होतं आणि ते वेगळ्या खिडकीत उघडतं.

लिबरऑफिस सेव्ह करताना एक प्रश्न विचारतं: एक्सेलच्या स्वरूपात ठेवू की ओडीएफ या लिबरऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपात? फाइल दुसऱ्याला जाणार असेल तर एक्सेल, फक्त घरी राहणार असेल तर ओडीएफ. सगळ्याच फायली बाहेर जात असतील तर टूल्स, ऑप्शन्समध्ये लोड/सेव्हच्या पानावर कायमचं ठरवून टाका.

अपडेट मॅनेजर कोपऱ्यात खूण दाखवतो. पहिला अपडेट मोठा असतो, तो रात्री वायफायवर करा. नंतरचे आठवड्यातून एकदा पुरे. कामाच्या मध्यात तो तुम्हाला बळेच रीस्टार्ट करायला लावत नाही.

मराठी टायपिंग

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी नीट लिहिता आली नाही तर माणूस सिस्टिमवर मनापासून प्रेम करत नाही.

सर्वांत सरळ मार्ग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठी ठरलेल्या कळरचनेचा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटचं पान उघडा, अधिकच्या चिन्हावर टिचकी द्या आणि मराठी शोधा. काही बसवावं लागत नाही. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजनं अशी रचना आहे. मालवण लिहायचं तर सी, ई, एन, बी, आणि मग शिफ्ट धरून सी: म, ा, ल, व, ण. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. डी म्हणजे पाय मोडायचा हलंत. वाऱ्यावर, दऱ्यात यांतला ऱ्य लिहायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची तिरप्या रेघेची कळ. ऑफिस आणि डॉक्टरमधली चंद्राची खूण उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर. कळांचं चित्र छापून भिंतीला लावा. पहिले काही दिवस बोटं अडखळतात, मग वेग असा येतो की रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवायला परत जावंसं वाटत नाही.

पण फोनवर रोमनमधून लिहायची सवय पक्की असेल तर त्याच पानावर ‘कगप फोनेटिक’ आहे, तो बघा. त्याहून जवळचं हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस (टायपिंगच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन टाका, ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि मराठीचा फोनेटिक प्रकार जोडा. फोनसारख्या शब्दसूचना मात्र मिळणार नाहीत, त्या अपेक्षेने बसू नका.

फॉन्टचं म्हणाल तर मंगल, कोकिळा, अपराजिता हे मायक्रोसॉफ्टचे असल्यामुळे मिंटवर नसतात. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट येतो आणि दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. मुक्त मिळणारे सुंदर फॉन्ट भरपूर आहेत. ‘मुक्त’, ‘बलू’, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. फाइलवर दोनदा टिचकी मारली की बसतात. नवी पत्रं यांपैकी एकात करा आणि बाहेर पाठवताना पीडीएफ पाठवा.

आणि लिबरऑफिसमधली एक खोच. मराठी अक्षराचा आकार बदलला तरी बदलत नाही, असं वाटलं तर ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. इंग्रजी आणि मराठी यांचे फॉन्ट लिबरऑफिस वेगवेगळे ठेवतं. हे एकदा कळलं की निम्मा वैताग संपतो.

लाईट आणि बॅकअप

लाईट अचानक गेली तरी मिंट सहसा स्वतःच सावरतं. लिहिलेलं जातं ते न साठवलेलं. लिबरऑफिस आपोआप नोंद ठेवतं, पण मूळ सेटिंग दहा मिनिटांचं आहे. ते दोन-तीन मिनिटांवर आणा. पावसात वीज कडाडायला लागली की बंद करून प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढा.

‘टाइमशिफ्ट’ चालू करा. एखाद्या अपडेटनंतर बिनसलं तर ते सिस्टिम मागच्या स्थितीत नेतं. पण ते तुमच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत ठेवत नाही, हे ध्यानात घ्या. त्यासाठी वेगळी डिस्क हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या गावांत छपरं उडाली आणि कित्येक दिवस वीज आली नाही. घरात पाणी शिरलं तर कॉम्प्युटर आणि शेजारची बॅकअपची डिस्क दोन्ही एकदमच भिजतात. एक प्रत मुंबईच्या भावाकडे किंवा लांबच्या नातेवाइकाकडे ठेवा.

मदत मागताना

“चालत नाही” एवढंच सांगितलं तर कुणालाच मदत करता येत नाही. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि पडद्यावर कोणते शब्द आले, हे सांगा. पडद्याचा फोटो सरळ समोरून, शब्द वाचता येतील असा काढा. ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये यंत्राची सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, तीही जोडा. प्रिंटरचा प्रश्न असेल तर मॉडेल वहीत आहेच.

व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) काही टाकण्याआधी तो व्हिडिओ मिंटच्या कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघा. पासवर्ड मागणारी कमांड काय करते हे कळल्याशिवाय चालवू नका. मुंबईचा पुतण्या फोनवरून सांगत असेल तर त्याला तीच ओळ व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा आणि व्हॉट्सॲप वेबमधून जशीच्या तशी उचला, कारण ऐकून टाइप करताना एक जागा कमी-जास्त झाली तरी ती चालत नाही.